महापुरुष दिला, सवंगडी कोण देणार?

दुसरबीडला आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मी पुस्तकांची पेटी उघडतो. पत्र्याची पेटी, आईच्या लग्नातली. आत सत्तर-पंच्याहत्तर पुस्तकं. पोटासाठी मी औषधाच्या दुकानात काम करतो, रविवार तेवढा माझा. पोरं सतरंजीवर बसून वाचतात, एखादं पुस्तक घरी नेतात, पुढच्या रविवारी आणून देतात. वही आहे, नंबर आहेत, शिस्त आहे. निदान मला तसा गर्व होता.

गेल्या पावसाळ्यात तिसरीतल्या एका पोरानं ४१ नंबरचं पुस्तक परत आणलं. माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’. उघडून पाहतो तर पानोपानी बॉलपेनच्या रेघोट्या. माझं डोकं फिरलं. एक तर रंगीत पुस्तक, त्यात कुणीतरी भेट दिलेलं. मी त्याला सगळ्या पोरांसमोर झापलं. म्हणलं, “दहा रुपये दंड. नाही आणले तर पुस्तक बंद.” पोरगं खाली मान घालून उभं राहिलं. पुढच्या रविवारी त्यानं सुट्टे दहा रुपये आणून माझ्या हातावर ठेवले.

रात्री मी ते पुस्तक घेऊन बसलो, काही पुसता येतं का पाहायला. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. राधाच्या दाराशी त्यानं एक बकरी बांधली होती. कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडली होती. घराबाहेर बाज टाकून तिच्यावर एक माणूस झोपवला होता. आणि वर झेंडा. पेन निळं होतं, झेंडाही निळाच.

मी समीक्षा लिहितो म्हणवतो. जे मी लिहायला पाहिजे होतं ते या तिसरीतल्या पोरानं पेनानं काढून ठेवलं होतं, आणि मी त्याच्याकडून दंड वसूल केला. आजचं हे लिखाण त्या दंडाची पावती समजा.

आधी राधाच्या घराबद्दल. हे पुस्तक वाईट नाही, उलट फार चांगलं आहे. पुरंदरे बाईंना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. त्यांच्या पुस्तकात राजपुत्र नाही, परी नाही, शेवटी तात्पर्याची काठी नाही. घरातली साधी माणसं, त्यांच्या साध्या सवयी. पोराशी त्या लाडेलाडे बोलत नाहीत. लेखक आपल्या ओळखीचं घर काढतो, राधाचं घर राधाचंच असणार. त्यात बकरी नाही याबद्दल बाईंशी माझं भांडण नाही. माझं भांडण आपल्याशी आहे. बकरीवालं घर काढायचं काम कुणाचं होतं?

दुसरबीड सिंदखेडराजा तालुक्यात, मेहकरच्या रस्त्यावर. जिजाऊंचं जन्मगाव हाकेच्या अंतरावर. इथला साखर कारखाना बंद पडला, आणि आता आमचीच माणसं दुसऱ्यांच्या कारखान्यासाठी ऊस तोडायला जातात. २०२२ साली समृद्धी महामार्ग सुरू झाला, त्यावरून मुंबई-नागपूरच्या गाड्या सुसाट जातात, त्यातून पुस्तक काही उतरत नाही. दुकानात वह्या मिळतात, गाईड मिळतात. गोष्टीचं पुस्तक आमच्याकडे दोन वाटांनी येतं. एक, कुणा भल्या माणसानं घरातली जुनी पुस्तकं दिली तर. दुसरी वाट आपली, हक्काची. दीक्षाभूमीवरून आणि चैत्यभूमीवरून. आपली माणसं पदरची भाकरी खाऊन तिथं जातात आणि येताना पुस्तकांची पिशवी आणतात. असा ग्राहक मराठी प्रकाशकाला दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही.

पण त्या पिशवीत पोरांसाठी काय असतं? माझी पेटी सांगते. बाबासाहेबांची चरित्रं अकरा. जोतिबांची सहा, सावित्रीबाईंची पाच. मग शाहू महाराज, अण्णाभाऊ, गाडगेबाबा, तथागत. सगळी हवीत. मी स्वतः त्यावरच वाढलो. पण या पुस्तिका एकामागून एक वाचा. पान दोनवर जन्म, पान चारवर अपमान, पान सहावर बॅरिस्टर. पोरपण कुठं गेलं? सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, “काका, हे सगळे लवकरच मोठे झाले. मी तं अजून सातवीतच हाये.”

हसू नका. तिनं मोठी गोष्ट सांगितली. आपण आपल्या लेकरांना महापुरुष दिले, सवंगडी दिला नाही. महापुरुषासमोर हात जोडायचे असतात. सवंगड्याच्या खांद्यावर हात टाकता येतो, त्याच्याशी भांडता येतं, त्याचं चुकतं तेव्हा त्याला हसता येतं. वाचनाची गोडी खांद्यावर हात टाकल्यानं लागते. नुसते हात जोडून ती लागत नाही.

आता प्रस्थापितांच्या घरातला सवंगडी घ्या. श्याम. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि तीन-चार पिढ्यांनी ती रडत रडत वाचली. मीही रडलो. त्यात एक म्हातारी आहे, आपल्यातली. तिची लाकडाची मोळी पडते, कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. श्याम जातो. त्या काळात ते धाडस होतं, मी नाकारत नाही. गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचं देऊळ आपल्यासाठी उघडावं म्हणून प्राण पणाला लावले होते, त्यांच्या मनाबद्दल शंका घेणारा मी कोण? पण मी हे प्रकरण विहारात वाचून दाखवलं तेव्हा एका पोरानं विचारलं, “त्या म्हातारीचं नाव काय?” दुसरा म्हणाला, “तिले नातू नव्हता का? तो काहून नाही आला मोळी उचलायले?”

मी निरुत्तर. नातू होता रे बाबा. तो मोळीपलीकडे उभा होता. त्याला श्यामची आंघोळ दिसली असेल. त्यानं काय पाहिलं ते मराठी बालसाहित्यानं लिहिलं नाही.

आणि आपण? आपण लिहिलं, पण कुणासाठी? दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चं, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० चं, शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ चं, शांताबाई कांबळ्यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ चं. ही पुस्तकं आठवा. त्यांतली सगळ्यात जिवंत पानं कोणती? पोरपणाची. भूक, शाळा, मार, चोरून खाल्लेलं, पळून गेलेलं. म्हणजे आपल्या साहित्याचा जीव पोरात होता, आणि वाचक मात्र आपण मोठाच धरला. पांढरपेशा वाचकाच्या तोंडावर आपलं बालपण फेकून मारलं. बरोबर केलं. मारायलाच पाहिजे होतं. पण फेकून मारलेली भाकर आपल्याच लेकराच्या ताटात वाढायची राहून गेली.

मुक्ता साळवे आठवते? फुल्यांच्या शाळेतली मांगाची मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाबद्दल निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. शाळेतली मुलगी! आपलं आधुनिक लिखाण एका लेकराच्या हातानं सुरू झालं, आणि लेकरांसाठी लिहायचं मात्र आपण विसरलो.

याच जिल्ह्यातलं आणखी एक पोरगं सांगतो. चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं ते मेहुणा राजा, इथून फार लांब नाही. खडकपूर्णेच्या धरणाला संत चोखासागर म्हणतात. चोखोबा आणि सोयराबाईचा मुलगा कर्ममेळा. बापानं देवाला आळवलं, पोरानं देवाला जाब विचारला. असा सवंगडी आपल्या मातीत सातशे वर्षांपासून उभा आहे. कर्ममेळ्याचं पोरांसाठी एकही पुस्तक माझ्या पेटीत नाही.

बरं, रडगाणं पुरे. समीक्षा म्हणजे शिफारसही. अलीकडची जी पुस्तकं मी पोरांसमोर ठेवून पाहिली, त्यांच्याबद्दल सांगतो. त्याआधी माझ्या तीन कसोट्या सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. एक, पुस्तकात जो झाडतो, धुतो, ओझं उचलतो, त्याला नाव आहे का? दोन, पुस्तक जात लपवतं का? देवघर, सणाच्या पोळ्या, अंगणातली तुळस हेही जातीचंच चित्र असतं, आपल्याला त्याला जात म्हणायची सवय नाही एवढंच. तीन, आमचं पोरगं त्यात हसतं का? आमची लेकरं चोवीस तास दुःखात नसतात. ती चिंचा पाडतात, नदीत डुंबतात, एकमेकांना टोपणनावं ठेवतात. ज्या पुस्तकात दलित पोरगं फक्त रडतं, ते पुस्तक दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलं असतं.

लहानांसाठी पहिलं नाव, सागर कोळवणकर यांचं ‘माय नेम इज गुलाब’. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनानं २०२१ साली काढलं. गुलाबचा बाप गटारात उतरून काम करतो, शाळेत तिला वासावरून चिडवतात. गुलाब रडत बसत नाही, शाळेच्या प्रदर्शनासाठी गटार साफ करायचं यंत्र बनवते. पोरीला नाव आहे, जिद्द आहे, ती हसते. माझी तक्रार एकच. यंत्र नाही म्हणून माणूस गटारात उतरतो असं पोरांना वाटायला नको. मैला उचलायला लावण्याविरुद्ध कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली झाला. यंत्रंही आहेत. तरी माणूस का उतरतो आणि कोणत्या जातीचा उतरतो, हे पुस्तक मिटल्यावर आपण बोलायचं. मी बोललो. एका पोरानं त्याच्या पुण्यातल्या मामाचं काम सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांसमोर. पुस्तकाची किंमत तिथं वसूल झाली.

दुसरं, महाश्वेता देवींचं ‘द व्हाय-व्हाय गर्ल’, तेही तुलिकाचं. मोयना ही शबर आदिवासी पोरगी. बकऱ्या राखते, आणि सारखं का, का, का. बाबूंनी दिलेलं उष्टं मी का खाऊ, त्यांचे आभार का मानू, शाळा माझ्या बकऱ्यांच्या वेळेला का? आमच्या बकऱ्यावाल्या पोरांना ती लगेच कळली. इथं पोरगी शाळेला बदलायला लावते, हे फार कमी पुस्तकांत घडतं. तिसरं, सौम्या राजेंद्रन यांनी २०१५ साली लिहिलेलं लहानग्या भीमरावाचं पुस्तक, ‘द बॉय हू आस्क्ड व्हाय’. माझ्या पेटीतल्या अकरा चरित्रांत हे बारावं. यात बॅरिस्टर व्हायची घाई नाही. प्रश्न विचारणारं पोरगं बराच वेळ पोरगंच राहतं. तुलिकाची पुस्तकं बहुधा अनेक भारतीय भाषांत एकदम निघतात, मराठीतही. मागवताना मराठी प्रत मागा.

मधल्या वयाला ‘भीमायन’ द्या. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं, दिल्लीच्या नवयान प्रकाशनाचं, २०११ सालचं. हिंदीतही आहे, हिंदी आमच्या पोरांना कळतं. यात चित्रं चौकटीत कोंबलेली नाहीत. गोड माणसाचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, जातीवाल्याचे शब्द विंचवाच्या नांगीच्या आकारात. पोरांनी हे मला सांगितलं, माझ्या आधी त्यांनी ओळखलं. त्यानंतर आठ दिवस विहारात कोणी शिवी दिली की बाकीचे ओरडायचे, “विंचू, विंचू!”

‘भीमायन’ ज्यावरून निघालं ते बाबासाहेबांचं स्वतःचं लिखाण, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, सरकारनं छापलेल्या खंड १२ मध्ये आहे, त्याची मराठी भाषांतरंही आहेत. त्यातली १९०१ सालची गोष्ट मोठ्यानं वाचा. पोरं बापाकडे सुट्टीला निघाली आहेत. नवे शर्ट, जरीच्या टोप्या, नवे जोडे. आगगाडीत बसायचा आनंद पोटात मावत नाही. मसूर स्टेशनला उतरतात, बाप आलेला नाही. जात कळते आणि मग गाडीवाला गाडी हाकायला तयार नाही, रात्रभर पाणी नाही. दोस्तहो, या पानांत बाबासाहेब अजून बाबासाहेब झालेले नाहीत. नव्या टोपीनं हरखलेलं नऊ-दहा वर्षांचं पोरगं आहे ते. आपल्याला हवा असलेला सवंगडी त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. आपण त्या पोराला लगेच कोट घातला आणि हातात संविधान दिलं.

हैदराबादच्या अन्वेषी या स्त्री-अभ्यास केंद्रानं २००८ साली ‘डिफरंट टेल्स’ नावाची माला काढली, तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत. त्यात मोहम्मद खदीर बाबूंची बकऱ्याच्या मुंडीच्या कालवणाची गोष्ट आहे. मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीवरून पोरांना सांगितली. पुस्तकात मुंडी शिजते म्हणल्यावर पोरं आधी एकमेकांकडे बघून हसली, मग गप झाली, मग ज्याची त्याची माय मुंडी कशी करते ते सांगायला सगळे एकदम बोलायला लागले. शाळेच्या डब्यात जे झाकून नेतात ते त्या दिवशी उघडलं. याच मालेत गोगू श्यामला या तेलुगू दलित लेखिकेच्या गोष्टी आहेत. त्या मोठ्या मुलींना जरूर द्या.

नववी-दहावीच्या पुढच्यांसाठी संगीता मुळे यांचं ‘सावित्रीबाई फुले अँड आय’. नागपूरच्या पँथर्स पॉ प्रकाशनानं २०२० साली काढलं. शबरी नावाची आजची पोरगी आणि तिच्या सोबतीला सावित्रीबाई. इथं सावित्रीबाई फोटोतून खाली उतरते आणि मैत्रीण होते. याच वयाला ‘आठवणींचे पक्षी’ आणि ‘चित्तरकथा’ द्या. शेजारी बसून द्या, कारण त्यातली भूक एकट्यानं वाचायची नाही. नागराज मंजुळेंचा २०१३ चा ‘फँड्री’ मोबाईलवर दाखवा. जब्या हा पडद्यावर आलेला आपला सवंगडी. त्यानं शेवटी भिरकावलेला दगड अजून मराठी बालसाहित्याच्या अंगणात पडायचा आहे.

आता लाज वाटण्यासारखी गोष्ट. वरची यादी पुन्हा बघा. चेन्नई, दिल्ली, हैदराबाद. एक नागपूर आहे, तर पुस्तक इंग्रजीत. फुले-आंबेडकरांची भूमी म्हणून छाती काढणाऱ्या महाराष्ट्रातलं पोरगं आपलं घर इंग्रजीतून शोधतंय. मराठी बालसाहित्य पुण्या-मुंबईबाहेर निघालं आहे हे खरं. ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’ धरणाखाली जाणाऱ्या गावाचं आहे, त्याला २०१७ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. खडकपूर्णेत गावं गेलेली पाहिलेल्या आमच्या भागात ते वाचलंच पाहिजे. २०१९ चा पुरस्कार वनखात्यात काम करणाऱ्या सलीम मुल्लांना ‘जंगल खजिन्याचा शोध’साठी, २०२० चा आबा महाजनांना ‘आबाची गोष्ट’साठी. गाव आलं, रान आलं. वस्ती यायची आहे. मी माझ्या पेटीपुरतं बोलतो. तुमच्या पेटीत असेल तर कळवा, मी पायी येऊन घेऊन जाईन.

पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, बालभारतीनं त्याचे जुने अंक फुकट वाचायला ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून वाटायला परवानगी आहे, आपल्या भाषेत करून घ्यायलाही आहे. मी त्यातल्या काही झेरॉक्स करून पेटीत ठेवल्या. एकीतली ‘मला’ काढून ‘मले’ केलं, तर पोरं म्हणाली, “हे आपल्यासारखं बोलते!” पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणून कवी-कथाकार दोस्तांना सांगणं. दुःखाचं महाकाव्य पुढच्या वर्षी लिहा. यंदा सोळा पानांचं एक पुस्तक लिहा, ज्यात वस्तीतलं एक पोरगं सकाळी उठून बकरी सोडायला जातं आणि बकरी हरवते. बस. जात त्यात आपोआप येईल, कुणाच्या रानात बकरी शिरली ते विचारलं की आलीच. पण पोरगं हसलं पाहिजे, आणि शेवटी बकरी सापडली पाहिजे.

४१ नंबरचं पुस्तक मी पेटीत परत ठेवलं आहे, रेघोट्यांसकट. सध्या तेच सगळ्यात जास्त जातं. पोरं राधाचं पान उघडतात आणि आधी बकरी शोधतात. दहा रुपये वहीत ठेवले आहेत. ते परत द्यायचे आहेत आणि चारचौघांसमोर माफी मागायची आहे. पण दिवाळीनंतर ते घर ऊसतोडीला गेलं. पाडव्यापर्यंत येतील म्हणतात.

जयभीम.